सुखाने नांदत आहोत

हक्कसोडीच्या साडीला रंग कोणता आणू, असं विचारायला वहिनीचा फोन आला, तेव्हा मी जराही विचार न करता मोरपंखी म्हणून टाकलं. काठ बारीक असावेत, हेही सांगितलं. आपण कशावर सही करायला निघालोय हा विचार नंतर आला, पण तोवर रंग ठरला होता.

आमच्याकडं रीतच तशी आहे. बाप गेला की सातबाऱ्यावर भावाबरोबर बहिणींचीही नावं लागतात, कारण कायदा तसा आहे. मग भाऊ बहिणींना बोलावतो, पुरणपोळी घालतो, नवी साडी नेसवतो आणि नोंदणीच्या कचेरीत नेऊन ती नावं काढून घेतो, कारण रीत तशी आहे. साडी अंगावर आली की बहीण नाही म्हणत नसते.

माझी तयारी होती. धाराशिवला माझं घर आहे, नवऱ्याची नोकरी आहे, आणि वर्षातून दोनदा माहेरी जाऊन पोटभर खायची सोय मला टिकवायची होती. माझे बहुतेक विचार जेवणाच्या आसपासच घुटमळतात. पण धाकट्या बहिणीचं तसं नव्हतं. तिच्या नवऱ्यानं दुसरी आणली, तेव्हापासून ती लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावी, दादाच्या घरातल्या मागच्या खोलीत राहत होती. दादाच्या रानात दादाच्या गड्यांबरोबर राबत होती. आता दादाच्या पोराचं लग्न ठरलं होतं आणि नव्या जोडप्याला खोली लागणार होती.

सहीच्या दिवशी जेवताना धाकटीनं विचारलंच.

"दादा, सही झाल्यावर खोलीचं कसं?"

"खोली काय पळून चालली का? मळ्यात पत्रे टाकून दिऊ तुला. हवेशीर हाय तिथं."

"साप-इंचवाला बी हवेशीरच आवडतं," धाकटी म्हणाली.

वहिनीनं तिच्या ताटात न विचारता आणखी एक पोळी टाकली. तोंड बंद करायची ती आमच्या घरची जुनी पद्धत. माझ्यावर ती नेहमीच लागू पडते.

मोरपंखी साडी सुरेख होती. ब्लाऊज मात्र वहिनीनं माझ्या पोराच्या बारशाच्या मापानं शिवून आणला होता. ते पोर आता मिशा कातरतं. पाठीमागं पिना लावून, अर्धाच श्वास घेत मी जीपमध्ये बसले. धाकटीला आंबा कलर आला होता. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"सायेब इचारतेत, राजीखुशीनं का. व्हय म्हणायचं आन् गप बसायचं," दादा पुढून म्हणाला. "बाई, तू तर लईच गप बसायचं."

"म्या काय बोलती रे?" मी विचारलं.

"तेच. बोलू नगंस."

कचेरीबाहेर लिंबाखाली दस्त लिहिणारा टेबल टाकून बसला होता. दस्त त्यानं आधीच छापून ठेवला होता. दादा म्हणाला, वाचायची काय गरज, सही कर. पण चौथीत वाचनात माझा पहिला नंबर आला होता आणि ते बक्षीस मी अजून वसूल करते आहे. चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागले. लिहून घेणार, लिहून देणार, गट नंबर, चतुःसीमा. मग आलं, "आम्हा लिहून देणार बहिणींची लग्ने झाली असून आम्ही आपापल्या सासरी सुखाने नांदत आहोत. सबब आम्हास सदर मिळकतीची गरज नाही."

"परत वाच," धाकटी म्हणाली.

मी परत वाचलं. यावेळी आवाज आपोआप खाली आला.

"कोण नांदतंय सुखानं?"

"ताई, ते समद्यांच्याच दस्तात असतंय," दस्तवाला म्हणाला. "मजकूर ठरल्याला हाय."

"लिवायची पद्धत हाय ती," दादा म्हणाला. "तुज्या नांदन्याचा तिथं काय संबंध?"

"मग काढून टाका की तेवढं."

दस्तवाल्यानं डोकं खाजवलं. "काढलं तर मग मिळकतीची गरज का न्हाय, ते दुसरं कायतरी लिवावं लागंल."

"लिवा मग," धाकटी म्हणाली. ती ओरडली नाही. भाजीवालीला भाव सांगावा तसं बोलली. "हिच्या नवऱ्यानं दुसरी आणली. ही भावाच्या खोलीत ऱ्हाती. ती खोली बी भावाला पायजे. हिला दुसरं छप्पर न्हाय. म्हणून हिला मिळकतीची गरज न्हाय. लिवा."

दस्तवाल्यानं पेनाला टोपण लावलं.

दादाला वाटलं, आत साहेबासमोर ती घाबरेल. त्यानं तिला जवळजवळ ढकलतच नेलं. आतले साहेब दमलेले दिसत होते, पण त्यांनी विचारलं, "राजीखुशीनं सोडताय का?" धाकटी म्हणाली, "न्हाय." साहेबांनी दादाकडं बघितलं. "यांचा तुमच्याइतकाच हिस्सा आहे. त्या नको म्हणत असतील तर मी दस्त करणार नाही."

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"तू तर नांदतीस ना सुखानं?" दादानं विचारलं.

नांदते. खोटं कशाला बोलू. पण माझं नाव निघालं, तर त्या सातबाऱ्यावर दादासमोर धाकटी एकटी उरली असती, आणि एकट्या बाईला मळ्यात पाठवायला किती वेळ लागतो? मी नाही म्हणायला पूर्ण श्वास घेतला आणि पाठीवरची पिन सुटली. माझ्या आयुष्यातला एवढा एकच बाणेदार क्षण, तोही मी पदर पाठीवर घट्ट ओढून धरून काढला.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "आजपासून मला बहिणी न्हाईत." जीप आम्हाला न घेता गेली. मी तशीच पाठ झाकत धाकटीबरोबर शेअर जीपनं गावी पोचले. माझी जुनी साडी वहिनीनं घरात नव्हे, बाहेर ओट्यावर काढून ठेवली होती.

"नेसल्याल्या उतरून द्या," ती म्हणाली.

आम्ही धाकटीच्या खोलीत बदलून आलो. माझ्या मोरपंखी पदरावर चहाचा डाग होता. वहिनीनं तो उजेडात धरून बघितला. "आता ही कुणाला नेसवू म्या?"

"तुमीच नेसा की, वहिनी," मी म्हणाले. "तुमच्या भावानं नेसवली ती आता जुनी झाली असंल."

तिचं तोंड पांढरं पडलं. दोन वर्षांपूर्वी तिनंही अशाच एका कचेरीत व्हय म्हटलं होतं, आणि जेवताना आम्हाला हसत सांगितलंही होतं. तिनं दार लावलं. मला वाईट वाटायला हवं होतं. एसटीत बसेपर्यंत वाटलं नाही.

लग्नाची पत्रिका आम्हाला आली नाही. नवं जोडपं पुढच्या खोलीत राहिलं, आणि दादानं धाकटीच्या खोलीचं घरातलं दार खिळे ठोकून बंद केलं. तिनं मागच्या भिंतीला दार पाडून घेतलं. दादाच्या रानात राबणं सोडून ती दुसऱ्यांच्या कामाला जायला लागली.

पंचमीला दरवर्षी दादा मला न्यायला यायचा. या वर्षी सणाच्या आदल्या दिवशी मी सकाळपासून रुसून भांडी घासत होते, तर दारात धाकटी.

"आवर," ती म्हणाली. "न्यायला आले."

तिच्या खोलीत दोघी जेवायला बसलो. पलीकडं दादानं टीव्हीचा आवाज मुद्दाम मोठा केला होता. तो मधेच बंद झाला आणि ठोकलेल्या दाराआडून वहिनीचा आवाज आला, "आल्या वाटतं, सुखानं नांदणाऱ्या."

"आलो, वहिनी," धाकटीनं बसल्या जागेवरून सांगितलं. "कान दाराला लावताय तर जपून. खिळं तुमच्याच बाजूला हायत."

आणि तिनं माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली.