चिठ्ठीशिवाय फाईल न देणारे मामा

माझ्या वहिनीचे थोरले भाऊ हे अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यातले सर्वांत भित्रे गृहस्थ आहेत, आणि हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे. "पावणं, भ्याला त्यो वाचला," असं ते मोठ्या अभिमानानं सांगतात. तालमीतल्या गड्यांच्या या कोल्हापुरात इतकं उघडपणे भ्यायलाही छाती लागते, असं माझे दादा, म्हणजे वहिनीचे यजमान, म्हणायचे. पुतण्यांचे मामा म्हणून ते आम्हा सगळ्यांचेच मामा. मूळचे नेसरीचे. सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये झाली आणि निवृत्तीनंतर राजारामपुरीत आमच्या पलीकडच्या गल्लीत फ्लॅट घेतला. तोही तळमजल्यावर, कारण लिफ्ट अडकते आणि जिन्यावरून माणूस घसरतो. "तळमजल्यावर चोर येतात की, मामा," असं मी एकदा सहज बोलून गेलो आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दाराला तिसरं कुलूप लागलं.

त्या कुलपांनी त्यांना फार छळलं. एकदा लग्नासाठी नेसरीला निघाले, गडहिंग्लजपर्यंत पोचले आणि कुलूप लावलं की नाही अशी शंका आली. तसेच उलट्या एसटीनं परत आले. तिन्ही कुलपं जागच्या जागी होती. खात्री करायची म्हणून ती उघडून पाहिली, पुन्हा लावली आणि पुन्हा निघाले. गडहिंग्लजला पोचल्यावर प्रश्न पडला, की उघडलेली कुलपं परत लावली का. मग मला फोन. मी जाऊन तिन्ही ओढून पाहिली, तेव्हा कुठे स्वारी पुढं सरकली. सिटी बसमधून ते नेहमी एक थांबा आधी उतरतात, न जाणो आपल्या थांब्यावर बस थांबलीच नाही तर. मिसळ समोर आली की आधी मी चार घास खायचे, मग पाच मिनिटं माझ्याकडं निरखून पाहायचं आणि मगच चमच्याला हात लावायचा. मी आहे म्हणून ही व्यवस्था चालते. मी नसलो की ते उपाशी परत येतात.

पण एका भीतीबद्दल आम्ही त्यांची चेष्टा करत नाही. रेकॉर्ड रूमचा रिवाज असा, की साहेबांच्या सहीची चिठ्ठी असल्याशिवाय फाईल कपाटाबाहेर जायची नाही. नोकरीच्या सुरुवातीला मामांनी एका गोडबोल्या माणसाला चिठ्ठी न बघता एक फाईल दिली. ती परत आलीच नाही. ज्याच्या जमिनीचे कागद त्या फाईलीत होते, तो म्हातारा नंतर कित्येक वर्षं कचेरीत यायचा, खिडकीशी उभा राहायचा, काही बोलायचा नाही. "त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," एवढंच मामा म्हणतात आणि विषय बदलतात.

म्हणूनच की काय, निवृत्तीनंतर त्यांचा जीव लिनक्सवर जडला. संगणक चालवणारी ही प्रणाली दादांनी त्यांना दाखवली. प्रत्येक फाईलीला मालक, कुणी वाचायची, कुणी लिहायची, कुणी चालवायची, सगळं ठरलेलं. हक्क नसेल तर 'परवानगी नाकारली' असं तोंडावर सांगून मशीन मोकळं होतं. मामा हरखून गेले. "जिंदगीत एकच मशीन भेटलं बघा, जे चिठ्ठी मागतंय," म्हणाले. दुसऱ्या कुणाला ती पाटी दिसली की संताप येतो. मामांना ती दिसली की सुरक्षित वाटतं.

दादांचा आणि माझा दहावीचा क्लास आहे. आहे म्हणायचं; गेल्या पावसाळ्यात दादा गेले. ते गणित शिकवायचे, मी इंग्रजी. बोर्डाच्या परीक्षेआधी एका रविवारी ते सराव परीक्षा घ्यायचे आणि त्यात प्रत्येक मुलाला वेगळी प्रश्नपत्रिका मिळायची. वीस वर्षं हातानं रचलेली गणितं आणि त्यातून पत्रिका काढणारा, त्यांनी स्वतः लिहिलेला प्रोग्राम, हे सगळं त्यांच्या संगणकात होतं. त्यांच्या मागोमाग तो संगणकही बंद पडला. दुकानातल्या माणसानं जुन्या डिस्कवरचं दादांचं फोल्डर उचलून जसंच्या तसं माझ्या नव्या लिनक्स मशीनवर, माझ्या खात्यात ठेवून दिलं. इकडं पालक जिन्यात कुजबुजायला लागले होते. एका आईनं तर सरळ विचारलं, "सर गेले, आता रविवारची परीक्षा हुणार का, का आमी दुसरीकडं बघू?" होणार, असं मी छातीठोक सांगितलं. परीक्षेला चार दिवस होते.

घरी येऊन प्रोग्राम चालवला. परवानगी नाकारली. पुन्हा चालवला, पुन्हा तेच. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "सर, सगळ्यात मोठ्या अधिकारानं चालवा, कोण अडवतंय बघू." मी तसं केलं. प्रोग्राम आनंदानं सुरू झाला आणि पडद्यावर अक्षरं आली: एकूण प्रश्न शून्य.

वीस वर्षांची गणितं मी एका बोटानं पुसली, असंच मला वाटलं. आत वहिनी भाकऱ्या थापत होती, तो आवाज मला ऐकवेना. दुकानदाराला पुन्हा फोन केला. तो जरासुद्धा न डगमगता म्हणाला, "एक काम करू, सगळ्या फायली सगळ्यांना उघड्या करून टाकू. एका ओळीचं काम हाय." ती ओळ मी लिहूनही घेतली. पण बोट काही पुढं होईना. मी मामांना बोलावलं.

मामा आले ते रिकामी डिस्क, वही आणि पाण्याची बाटली घेऊन. माझी कागदावरची ओळ वाचून त्यांचा चेहरा पडला. "सगळ्यास्नी सगळं उघडं? घर हाय का धर्मशाळा?" म्हणत त्यांनी तो कागद चार घड्या घालून खिशात ठेवला. टेबलावरचा चहा पलीकडच्या खोलीत पाठवला. "आधी नक्कल. वरिजनलला हात लावायचा न्हाय." नक्कल होईपर्यंत दुपार सरली. एकेक कमांड लिहून झाली, की मामा दोन्ही हात वर उचलत, गॅलरीत जाऊन येत, पुन्हा वाचत आणि मग डोळे किलकिले करून एंटर दाबत. माझा जीव टांगणीला लागलेला आणि यांच्या गॅलरीच्या फेऱ्या मी मोजतोय.

"शून्य दिसलं तवा कुणाच्या नावानं चालवलं हुतं?" त्यांनी विचारलं. सगळ्यात मोठ्या अधिकाऱ्याच्या, मी सांगितलं. मामा पहिल्यांदा हसले. "मग बरोबर हाय की. साहेबाच्या खोलीत जाऊन दादांची फाईल शोधलासा. तितं कशी गावंल? ज्याच्या नावानं चालवायचं, त्याच्या घरात त्यो प्रोग्राम बघतोय. गणितं तुमच्या घरात हाईत, जागच्या जागी." हे कळल्यावर मला रडूच आलं. मी ते खोकल्यावर निभावून नेलं. मग मामांनी वहीत फोल्डरमागून फोल्डर जुन्या घरासारखं मांडलं: बाहेरचा सोपा, सोप्यातनं माजघर, माजघरातनं आतली खोली. एका दाराशी जरी अडवलं, तरी आतल्या फाईलीपर्यंत पोचता येत नाही. दादांच्या फोल्डरच्या पहिल्याच दाराशी आम्ही अडलो होतो. मालकाच्या जागी नाव नव्हतं, नुसता आकडा होता: एक हजार तीन.

"ह्यो दादांचा नंबर," मामा म्हणाले. "जुन्या मशीनवर त्यांचं खातं हुतं. ह्या मशीनला ह्या नंबरचं माणूसच ठावं न्हाय, म्हणून आकडा दावतंय."

उपाय तर समोरच होता. "मग मालक बदला की, मामा. माझं नाव लावा, लगेच सुटेल." मामांनी कमांड लिहिली. हात वर केले, गॅलरीत गेले आणि या वेळी बराच वेळ परत आलेच नाहीत. आले ते थेट कमांड पुसायला. "माझ्याच्यानं दादांचं नाव उतरवायचं व्हायचं न्हाय, पावणं. दुसरी वाट हाय. जरा लांबची हाय."

लांबची वाट म्हणजे त्या मशीनवर दादांचं खातं नव्यानं काढायचं, त्याला तोच नंबर द्यायचा, मला त्यांच्या गटात घ्यायचं आणि गटाला दारं उघडायची. त्याला संध्याकाळचे सात वाजले. मी प्रोग्राम चालवला. परवानगी नाकारली. मामांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली, ओठ हलत होते, आणि त्या क्षणी मला खरंच वाटलं, की त्या खिडकीशी उभा राहणारा म्हातारा यांना दिसतोय. शेवटच्या पानावर बोट थांबलं. "तुमी सकाळपासनं आतच बसलाय. गटात घेतलेलं ह्याला अजून कळलेलंच न्हाय. एकदा बाहीर जाऊन परत आत या." मी खात्यातून बाहेर पडलो, पासवर्ड घालून पुन्हा आत आलो आणि प्रोग्राम सुरू केला. एकूण प्रश्न चार हजार एकशे बारा. प्रिंटरनं पहिली पत्रिका बाहेर ढकलली तेव्हा मामा तिथंच जमिनीवर बसले आणि गार झालेला चहा मागून घेऊन प्याले.

रविवारी परीक्षा झाली. ती आई मुलाला सोडायला आली, दाराशी उभी राहून मुलांच्या हातांतल्या वेगवेगळ्या पत्रिका पाहून गेली. पण मला आठवते ती प्रिंटर सुरू झाला त्या संध्याकाळची वहिनी. आवाज थांबला म्हणून ती पदराला हात पुसत बाहेर आली. पडद्यावर फायलींची लांबलचक यादी तशीच उघडी होती आणि जिथं आकडा होता, तिथं प्रत्येक ओळीत दादांचं नाव होतं. प्रकाश, प्रकाश, प्रकाश, खालपर्यंत. तिला त्यातलं बाकी काही कळत नाही. तिनं यादी शेवटपर्यंत वाचली. मग मामांना विचारलं, "अण्णा, हे नाव किती दिवस राहील?"

"कुणी पुसलं न्हाय तर ऱ्हाईल," मामा म्हणाले. "आणि पुसाय कोण बसलंय हितं?"

वहिनीनं खुर्ची ओढली आणि ती पडद्यासमोर बसून राहिली. मी मशीन बंद करायला हात पुढं केला, तेव्हा मामांनी माझं मनगट धरलं. संगणक तापतो, वीज जाते, पंखा बिघडतो, असं कायम सांगत आलेला तो माणूस म्हणाला, "ऱ्हाऊ द्या चालू. काय हुत न्हाय."