सुनेची मातीची भिंत

चौथीनंतर माझी शाळा सुटली, त्यामुळे अक्षर गिचमिड आहे. पण सासूला सुनेबद्दल लिहायचं तर शिक्षण कशाला हवं, नजर हवी. ती माझ्याकडे पोतंभर आहे.

माझी सून घरं काढते, म्हणजे कागदावर. ती ज्या आर्किटेक्ट मंडळींकडे नोकरीला आहे, त्यांचं म्हणणं असं की घरानं वीज कमी खावी, पाणी कमी प्यावं आणि मोडलं तर मुकाट मातीत मिसळावं. लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात तिनं आमच्या सगळ्या खिडक्या टेपनं मोजल्या. मी मुलाला बाजूला घेऊन विचारलं, "हिला घर विकायचंय का रे?"

तो म्हणाला, "आई, तिला सवय आहे."

सवय तर चोरालाही असते. पण नवी सून, मी गप्प बसले.

सवय खरीच होती. दुकानातून किलोभर बटाटे आणले तरी घरी पुन्हा वजन. घड्याळ बरोबर आहे का ते दुसऱ्या घड्याळाला विचारायचं, आणि त्या दुसऱ्याचाही भरवसा नाही. संशयी मीही आहे, नाही म्हणत नाही. पण मला माणसांचा संशय येतो आणि तिला आकड्यांचा. त्यामुळे पंधरा वर्षांत आमचं मनासारखं भांडण एकदाही रंगलं नाही.

गेल्या उन्हाळ्याआधी मी न्हाणीघरात पडले. गुडघा सुजला. मुलगा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने घरी नाही. डॉक्टर म्हणाले, यांना एकटं ठेवू नका. सून म्हणाली, "आई, तुम्ही माझ्याबरोबर ऑफिसला चला. मोठ्या बाईंना विचारलंय मी."

मोठ्या बाई म्हणजे तिथल्या मालकीणबाई. पिकलेले केस मुलासारखे कापलेले, पायात जुन्या वहाणा. मला म्हणाल्या, "या आजी, इथे तुम्हाला गार वाटेल." ओळख ना देख, एवढा गोडवा? माझ्या मनात पाल चुकचुकली.

आणि ते ऑफिस! एसी नाही. दिवसा दिवा लावला तर सगळे मान वर करून बघणार. कागद दोन्ही बाजूंनी वापरायचे, मग त्याच्याच पिशव्या. मला बसवलं मागच्या खोलीत, कपाटाच्या आडोशाला. तिथे विटा, फरशा, बांबूचे तुकडे असे नमुने मांडलेले. समोरची भिंत अर्धी सिमेंटची आणि अर्धी माती-भुशाची. मातीची बाजू सुनेनं स्वतः लिंपलेली. आमचा जन्म गेला मातीच्या घरातून सिमेंटच्या घरात यायला, आणि ही शिकलेली माणसं पगार घेऊन परत मातीत हात घालतात!

तिथली एक रीत मला सगळ्यात खटकली. दर शुक्रवारी चार वाजता सगळे चहाचे कप घेऊन त्या भिंतीपुढे उभे राहायचे, आणि एक जाड वही हातोहात फिरायची. चुकांची वही. ज्याच्या हातात वही त्यानं आठवड्यातली आपली चूक मोठ्यानं सांगायची, लिहायची, खाली सही करायची. दुसऱ्याची चूक सांगायला बंदी, आणि सांगणाऱ्याला रागवायलाही बंदी. मी सुनेला घरी म्हटलं, "अगं, हा सापळा आहे. मालकापुढे आपल्या तोंडानं कोण चुका सांगतं?"

"आम्ही सांगतो, आई."

"मग एक दिवस त्याच वहीवरून काढून टाकतील."

ती हसली. हसली म्हणजे काहीतरी लपवते आहे, हा माझा हिशोब.

आणि लपवत होतीच! एक दिवस तिच्या टेबलावर नकाशा दिसला. पंचवीस खोल्या, प्रत्येकीत एकच खाट. वर काय लिहिलंय ते चष्मा लावून अक्षर-अक्षर जोडत वाचलं: ज्येष्ठांसाठी निवास. मग सगळं डोक्यात लख्ख झालं. चार दिवसांपूर्वी सुनेनं माझ्या खुर्चीची उंची मोजली होती. मी उठताना कुठे हात टेकते ते बघून वहीत टिपलं होतं. दाराची कडी मला फिरवता येते का, तेही विचारलं होतं. शिंपी कापड कापण्याआधी माप घेतो, ते का घेतो हे मला कळतं बरं.

त्या दिवसापासून मी सावध झाले. तेव्हा त्या डब्या दिसल्या. भिंतीच्या सिमेंटच्या अर्ध्यावर एक आणि मातीच्या अर्ध्यावर एक पांढरी डबी, काड्यापेटीएवढी. मातीवरची डबी माझ्या खुर्चीजवळ, तिला हिरवा दिवा, आणि तो थोड्या-थोड्या वेळानं डोळा मिचकावायचा. तिथे 'पट्टी' नावाचा एक जण होता, खरं नाव वेगळं, पण कानावर कायम मोजपट्टी खोचलेली असायची. त्याला विचारलं, "बाबा, ही डबी काय करते?"

"लक्ष ठेवते, आजी," म्हणाला आणि घाईत निघून गेला.

लक्ष ठेवते! म्हातारी किती वेळ झोपते, किती वेळा उठते, सगळं टिपून त्या पंचवीस खोल्यांच्या हिशोबात जाणार. उकाड्यामुळे माझ्याकडे तोंड पुसायला ओला रुमाल असायचाच. मी उठले आणि तो रुमाल त्या डबीच्या तोंडावर टाकला. सकाळी आल्या आल्या टाकायचा, वाळला की पुन्हा भिजवायचा, कुणाची चाहूल लागली की काढून मान पुसायची. महिनाभर कुणाला पत्ता लागला नाही. झाकून ठेवण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही.

महिन्यानं ऑफिसात उत्सवच. मातीची भिंत सिमेंटपेक्षा भर दुपारी पाच अंशांनी गार! मोठ्या बाईंनी सुनेची पाठ थोपटली. पंचवीसही खोल्यांना हीच भिंत, एसी तर नकोच, खिडकीही एक पुरे, असं ठरलं. नकाशे पुढच्या सोमवारी पक्के होणार होते. मला वाटलं, सून खूश होईल. ती घरी येऊन बटाट्यांचं पुन्हा वजन करत बसली.

"काय झालं गं?"

"आकडा जरा जास्तच चांगला आहे, आई. माझा विश्वास बसत नाही. मंगळवारी भिंत एवढी गार होतच नाही, आणि सुट्टीच्या दिवशीही नाही. भिंतीला वार कसा कळतो?"

मंगळवारी ती रजा घेऊन मला गुडघ्याच्या व्यायामाला न्यायची. मी ऐकलं, पण डोक्यात काही शिरलं नाही.

बाकीच्यांच्या डोक्यात मात्र शिरलं. पट्टीला त्या मागच्या खोलीत कुणाशी तरी बोलताना मी ऐकलं, मी कपाटामागे होते. "ताई रजेवर असतात त्या दिवशी भिंत तापते. ताई आल्या की गार. भिंत कुणाची? ताईंची. आता तूच समज."

"पाणी मारत असतील?"

"मी कशाला बोलू? शुक्रवारी त्यांनीच सांगावं."

सुनेवर संशय घ्यायचा तर मी घेईन, तो माझा मान आहे. हे परके कोण?

शुक्रवार आला. चहा आला, पण एरवीची थट्टा नाही. वही फिरली. एकानं जिना दोन बोटं आखूड काढला होता, एकीनं पत्र चुकीच्या पत्त्यावर धाडलं होतं. वही सुनेच्या हातात आली तसे सगळे कपात बघायला लागले.

सून म्हणाली, "माझी चूक ही की मंगळवारचा आकडा वेगळा येतो हे दिसत असूनही मी तो नकाशात जाऊ दिला. कारण मला सापडलेलं नाही."

"अजून काही, ताई?" पट्टीनं विचारलं.

"नाही."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "तुला नक्की माहीत नाही?" त्यांचा आवाज मऊ होता, पण मऊ आवाज मला कळतो. सुनेचा चेहरा पडला. पंधरा वर्षांत मी कितीदा टोचून बोलले असेन, पण तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. तिला खोटं ठरवलं जात होतं. आणि जिला माझ्या हातचा चहासुद्धा मोजून लागतो, ती खोटा आकडा लिहील?

तेवढ्यात माझं लक्ष माझ्या हातातल्या रुमालाकडे गेलं. ओला होता. मंगळवार. व्यायाम. रजा. ती नसते तेव्हा मीही नसते.

"ते काय आहे," मी म्हणाले, "त्या डबीवर मी रुमाल टाकते. ओला."

सगळे वळले. "का, आजी?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"ती माझ्यावर लक्ष ठेवते म्हणून."

"आजी, ती हवेचा उष्मा मोजते हो!" पट्टीनं कपाळावर हात मारला. "मी लक्ष ठेवते म्हणालो, ते हवेवर!"

"मग नीट सांगायला तुला काय पैसे पडत होते?"

आधी मोठ्या बाई हसल्या, मग सगळे. सून हसली नाही. ती खाली बसली आणि माझ्या पायाशी वाकून म्हणाली, "आई, त्या पंचवीस खोल्यांत एकेक खिडकी ठेवली असती आम्ही. तुमच्यासारखी माणसं उन्हाळ्यात शिजली असती."

तेव्हा मला खरी भीती वाटली. लाज नंतर वाटली.

पट्टीनं स्वतःच वही मागून घेतली. 'न विचारता ताईंवर संशय घेतला,' असं लिहून सही केली. मग वही माझ्यापुढे आली. मी म्हटलं, मी काय तुमच्या पगारावर आहे? पण लिहिलं. ओला रुमाल, महिनाभर, डबीवर. सही करायला चार मिनिटं लागली, तोवर कुणी कप हलवला नाही.

रुमालाशिवाय भिंत दोनच अंश गार निघाली. भिंत ठेवली, पण खोल्यांना दुसरी खिडकी आली, रुंद छज्जा आला, पंखे आले. सून म्हणते, दोन अंश खरे आहेत, तेच पुष्कळ.

घरी जाताना मी विचारलंच. "खुर्ची कशाला मोजलीस माझी?"

"तिथल्या खुर्च्या तुमच्या गुडघ्याला जमतील एवढ्या उंच हव्यात म्हणून. तुम्हाला जमलं की सगळ्यांना जमेल."

"म्हणजे मला नाही धाडणार तिथे?"

"तुम्हाला कोण घेईल, आई? पहिल्याच दिवशी सगळी यंत्रं झाकून ठेवाल."

उत्तर चांगलं आहे. जरा जास्तच चांगलं आहे. म्हणून नकाशा पक्का झाल्यावर मी पुन्हा एकदा खोल्या मोजल्या. पंचवीसच आहेत, माझ्यासाठी सव्विसावी नाही.