वर्षाची बेगमी

स्टीलच्या मोठ्या डब्याचं झाकण काढलं की वाळलेल्या कडुनिंबाचा वास येतो, आणि मुकुंदवाडीतल्या आमच्या दोन खोल्या आठवतात. माझी पुस्तकं खाटेखाली असायची. त्या उन्हाळ्यात त्यांना वाळवी लागली. बायको म्हणाली, "कपाटाचा खालचा खण जुन्या कपड्यांनी अडलाय. तो रिकामा करून तुमच्या पुस्तकांना देते." मी हरखलो. दुपारी कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारात बसली. "ताई, एवढ्यात बादली बसंल." "बादली नको, तो डबा दे. जरीची साडी हाय, उलटून बघ तरी." बऱ्याच वेळानं बायको डबा मिरवत आत आली. स्वयंपाकघरात तो कुठंच मावेना, म्हणून शेवटी त्याच रिकाम्या खणात जाऊन बसला. "आणि माझी पुस्तकं?" मी विचारलं. तिनं डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग गल्लीतल्या झाडाचा पाला आणून वाळवला आणि गहू भरावेत तशी पुस्तकं भरली, एक थर पाल्याचा, एक पुस्तकांचा. "अहो, गव्हाला पाला चालतो, मग कवितेला चालत नाय व्हय?" झाकणावर थाप मारून म्हणाली, "झाली तुमची वर्षाची बेगमी." दर उन्हाळ्यात ती पाला बदलायची. यंदा ती नाही. तिनं घातलेला शेवटचा पाला मी तसाच ठेवलाय. पुस्तक काढतो, वाचतो, पुन्हा त्याच थरात ठेवतो. बेगमी अजून पुरतेय.