बिनविरोध गावातलं राहून गेलेलं घर

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुणाचा चेहरा आठवतो तर गुन्हा आठवत नाही, कलम आठवतं तर गाव आठवत नाही. हे एक प्रकरण मात्र मी अजून जसंच्या तसं सांगू शकते. नावं कुणाचीच सांगणार नाही, गावाचंही नाही. वडप्याच्या बाजूला, गोदामांच्या पट्ट्यातलं एक गाव, एवढं पुरे.

मी तेव्हा भिवंडी तालुक्यातल्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होते. ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागलेल्या, त्यामुळे सगळे बंदोबस्ताच्या याद्यांत बुडालेले. अशात एका सकाळी भिवंडीतले एक वयस्कर मंडपवाले ठाण्यात आले. त्यांना तक्रार द्यायची नव्हती, फक्त विचारायचं होतं.

"मॅडम, ये कौनसा कानून है जिसमें हल्दी का मंडप लगाना मना है?"

म्हटलं, बसा चाचा, पाणी प्या, मग सांगा.

त्यांनी सांगितलं ते असं. त्या गावात एका घरी मुलीची हळद होती, दहा दिवसांवर. ठाण्यात येण्याच्या आदल्या दिवशी यांची माणसं बांबू टाकायला गेली, तर गावातले दोघं आडवे आले. या घराचं काम करायचं असेल तर पुन्हा या गावात टेम्पो आणायचा नाही, असं बजावलं. "मैंने पूछा, घरवालों ने किया क्या? बोले, कुछ नहीं किया, बस उनका घर गाँव में नहीं है. मॅडम, घर तो मेरे सामने खड़ा था."

उठता उठता म्हणाले, "मेरा नाम मत लिखना, उधर हर सीज़न काम रहता है." खबर देणारा बहुतेक वेळा असा घाबरलेलाच असतो. जो अगदी आरामात खबर देऊन जातो, त्याची खबर मी आधी दोनदा तपासून घ्यायची.

दुपारी साध्या साडीत त्या घरी गेले. मुलीची आई दारातच होती. चाळिशीची, नवरा गोदामात टेम्पोवर. मी कोण ते सांगितल्यावर आत घेतलं, आणि तांब्या हातात धरून विचारलं, "पानी देऊ का? प्याल ना आमच्याकडलं?"

हा प्रश्न माझ्या ओळखीचा होता. आमच्या आजीचा सगळा जन्म हा प्रश्न विचारण्यात गेला. मी आधी पाणी प्यायले आणि मग वही काढली.

प्रकरण साधं होतं. गावचं सरपंचपद बायकांसाठी राखीव, आणि सलग दोन वेळा ग्रामस्थ मंडळाच्या अध्यक्षांची बायको सरपंच. दोन्ही वेळा बिनविरोध. गावच्या कमानीखाली तसा फलकच होता, 'बिनविरोध निवडणुकीची परंपरा जपणारे गाव'. यंदा या ताईंनी समोर अर्ज भरला. तिसऱ्या दिवशी देवळात गावकी बसली. कुणी काही जाहीर केलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून हे घर वाळीत.

"पिठाच्या गिरणीत गेले," ताई सांगत होत्या. "गिरण चालू हाय, भरभर आवाज येतोय, आनि तो मला सांगतो, वयनी, लाइट न्हाय."

सांगताना त्यांना हसू आलं. "किराणा अंबाडी नाक्यावरून आणते, त्याचं काय न्हाय. पन धवलारीण न्हाय बोलली, मॅडम. धवलारीण म्हंजे आमच्या लग्नात धवले गाते ती. तिच्याशिवाय आमच्यात हळद लागत न्हाय. आनि मुलाकडचे बोलतात, ज्यांच्या दारात गाव उभा रहात न्हाय, त्यांची पोरगी आमी कशी आणू?"

अध्यक्षांचा निरोप आला होता. सोमवारी अर्ज मागे घ्यायची शेवटची मुदत. घेतला, तर सगळा गाव हळदीला हजर. नाही घेतला, तर मंडपही नाही.

"मग तक्रार द्या," मी म्हटलं.

"तुमी बदली होऊन जाल. आमाला इथंच रहाचाय." तरी शेवटी दिली. आतल्या खोलीतून मुलगी म्हणाली, "आये, अर्ज मागं घेतलास त मीच लगीन मोडीन." तेव्हा दिली.

ठाण्यात आल्यावर साहेब म्हणाले, "बाई, निवडणुकीचा बंदोबस्त टाकून तुम्ही हळदीत कुठे शिरताय?" म्हटलं, साहेब, ही हळद नाही, निवडणूकच आहे. सामाजिक बहिष्काराचा कायदा आहे आपल्याकडे. साहेब कायद्याला नाही म्हणायचे नाहीत. पण बरोबर बोलले, "पुरावा काय? कुणी लिहून थोडंच दिलंय?"

खरी अडचण तीच होती. मारहाणीत जखम दाखवता येते. बोलायचं थांबवलं, ते कशावर दाखवायचं?

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून एकेकाला बोलावलं. पहिला गिरणीवाला. "आमचा कोनाशी वाद न्हाय. जो तो आपापल्या कामात हाय." दुसरा दुकानदार. "आमचा कोनाशी वाद न्हाय. जो तो आपापल्या कामात हाय." पाचव्याला आमचे लिहिणारे हवालदार माझ्याकडे वाकून म्हणाले, "मॅडम, पुढच्यांचं आधीच लिहून ठेवू का? वेळ वाचेल."

खरं बोलणारी माणसं एकसारखं कधी बोलत नाहीत. एकाच अपघाताचे पाच साक्षीदार गाडीचे तीन रंग सांगतात. सगळ्यांचं वाक्य एकच आलं की समजायचं, ते एकाच तोंडातून निघालंय. पण समजणं निराळं आणि कोर्टात सिद्ध करणं निराळं.

शनिवारी अध्यक्ष स्वतःच ठाण्यात आले. मी बोलावण्याच्या आधी. पांढरे कपडे, गोड बोलणं, बरोबर चार माणसं. मंडळाच्या छापील कागदावर निवेदन आणलेलं. 'आमच्या गावात सर्व घरे एकोप्याने राहतात, कोणावरही बहिष्कार नाही.' खाली घरवार नावं, सह्या, अंगठे.

"सगळ्या घरांच्या सह्या आहेत?" मी विचारलं.

"एक घर सोडला न्हाय, मॅडम. गाव म्हंजे आमचा एक कुटुंब."

"मग तेवढं खाली तुमच्या हातानं लिहून द्या."

त्यांनी झोकात लिहिलं, 'वरील यादीत गावातील सर्व घरे आहेत', आणि सही ठोकली. ठाणे अंमलदारानं आवक क्रमांक टाकून शिक्का मारला. त्यांना पोचही दिली. खरं सांगते, मला तेव्हा काहीच दिसलं नव्हतं. लिहून घ्यायची माझी सवयच होती, तिचाच इथे उपयोग झाला.

संध्याकाळी तो कागद घेऊन मी धवलारीण आजींकडे गेले. त्यांचा अंगठा त्यांचाच आहे का, एवढंच विचारायला. सत्तरीच्या पुढच्या, अंगणात वाल सोलत बसलेल्या.

"अंगठा माझाच," आजी म्हणाल्या. "पन काय लिवलंय ते कोनी सांगितला न्हाय. वाच गो बाय."

मी मजकूर वाचला. त्यांनी हातातली शेंग टोपलीत टाकली. मग म्हणाल्या, "नावं वाच." मी नावं वाचू लागले, आणि आजी प्रत्येक नावाला जमिनीवर बोट टेकवत गेल्या. हळदीला बसल्या की त्या आधी देवांना बोलावतात आणि मग गावातल्या घरांना, देवळापासून सुरू करून एकामागून एक. पन्नास वर्षांचा तो क्रम त्यांच्या बोटांत होता.

मध्येच बोट थांबलं. "परत वाच."

मी परत वाचलं.

"चिंचंजवळच्या घरानंतर एकदम विहिरीवरला घर? मधला कुठं गेला?"

मी कागद पाहिला. मधलं घर नव्हतं. ते त्या ताईंचं घर.

म्हणजे झालं होतं असं. ते घर गावकीच्या यादीतून आधीच काढलेलं. तीच यादी समोर ठेवून निवेदन तयार केलं आणि दारोदार सह्या गोळा केल्या. त्या दारावरून पुढे जाताना कुणाचं पाऊल अडखळलंसुद्धा नाही. बहिष्कार नाही असं लिहायला बसले, आणि बहिष्काराच्या सवयीनेच लिहिलं.

आजींनी वालाची टोपली बाजूला सारली. "माझ्याकडं आलता तो. बोलला, त्या घरात गायलीस त दुसऱ्या कुठल्या घरात तुला बोलावनार न्हाय. मी भ्याले. त्या पोरीच्या आयेची हळद मीच गायलेय. आता सांग, मी काय तोंडानं गानार?"

"आजी, हे लिहून घेऊ?"

"लिव. आनि सगला लिवून झाल्यावर मला वाचून दाखव. ह्या वेळी ऐकून अंगठा देनार."

पुढे मॅजिस्ट्रेटसमोरही त्यांनी हेच सांगितलं, एक शब्द न बदलता. पण गावात खरी उलथापालथ त्या संध्याकाळीच झाली. आजींनी जबाब दिला हे रात्रीच्या जेवणाआधी घरोघर कळलं. रविवारी सकाळी गिरणीवाला आपणहून ठाण्यात हजर. "मॅडम, लाइट व्हती," म्हणाला. हवालदार मोठ्यानं हसले, आणि तोही हसला. बऱ्याच दिवसांनी श्वास घेतल्यासारखा.

मग अध्यक्षांना बोलावलं. या वेळी बरोबर दोनच माणसं. कागद समोर ठेवला आणि म्हटलं, "यात एक घर नाही."

त्यांनी यादी पाहिली. "राहून गेला असेल."

"तुमच्या बायकोच्या समोर उभ्या असलेल्या उमेदवाराचं घर राहून गेलं?"

"चूक होते, मॅडम. आत्ता त्यांची सही घेऊन येतो, मंग झाला?"

"जरूर आणा," मी म्हटलं. "पण त्यासाठी त्यांच्या दारात जावं लागेल. त्यांच्याशी बोलावं लागेल."

ते खुर्चीतून उठले नाहीत. गेले असते, तर सगळ्या गावादेखत त्यांच्याच पावलांनी बंदी मोडली असती. नाही गेले, तर तो कागद त्यांच्याविरुद्ध, त्यांच्याच सहीनं. मी चहा मागवला. तो तसाच निवत राहिला.

गुन्हा दाखल झाला, अटक झाली, जामीनही लगेच झाला, कारण कलमच जामिनाचं. सोमवारची मुदत टळून गेली आणि ताईंचा अर्ज जागेवर राहिला.

हळदीला मी साध्या कपड्यांत गेले होते. मंडपवाल्या चाचांनी मंडप घातला होता, आणि मोठा घातला होता. सुरुवातीला आत खुर्च्याच जास्त. मग आजी आल्या, पाटावर बसल्या आणि त्यांनी घरांना हाका घालायला सुरुवात केली. एकेक घराचं नाव मोठ्यानं, वस्तीत ऐकू जाईल असं. ज्यांचं नाव निघालं, त्यांतल्या काही बायका आल्या, काही नाही आल्या. अध्यक्षांच्या भावकीतली एक सून मागच्या बाजूनं आली आणि पुढे येऊन बसली. निम्मा गाव म्हणाल तर नव्हता. पण लग्न मोडायला निघालेले मुलाकडचे लोक शेवटी हळदीत पिवळे होऊन गेले.

ताई निवडून आल्या का? नाही आल्या. पण त्या गावात सरपंचपदासाठी पहिल्यांदा मतदान झालं. म्हाताऱ्या बायका बोटाची शाई एकमेकींना दाखवत होत्या. कमानीखालचा फलक कुणी काढला ते कळलं नाही, आम्ही तपासही केला नाही. खटला अजून चालू आहे.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. अशा पुढाऱ्याजवळ फार मोठी ताकद असते असं बाहेरून वाटतं. चौकशीत मी घरोघर बसले, तेव्हा एकही माणूस मला असा भेटला नाही ज्याला हा बहिष्कार मनापासून पटला होता. प्रत्येकाला भीती शेजारच्या घराची होती आणि शेजारच्याला याची. पुढाऱ्यानं फक्त एक घर निवडून बाजूला काढायचं, बाकीची राखण घरं आपसात करतात. म्हणून कुणी एकानं मोठ्यानं खरं सांगितलं की ते मोडायला वेळ लागत नाही. पुढे जिथे जिथे माझी बदली झाली, तिथे मी पुढाऱ्याच्या मागे आधी लागले नाही. आधी तो एक माणूस शोधला.

मी निवृत्त झाल्यावर पुढची निवडणूक आली, तेव्हा ताईंचा फोन आला. पुन्हा उभ्या होत्या. सांगत होत्या, या वेळी सरपंचपदाला चार अर्ज आलेत. त्यातला एक गिरणीवाल्याच्या सुनेचा.

"वाईट वाटलं का?" मी विचारलं.

"पहिला वाटला थोडा," त्या म्हणाल्या. "मंग तिच्या घरी जाऊन आले. तिचा फॉर्म भरताना जातीच्या दाखल्याचा एक कागद कमी व्हता. मी दिला काढून, तलाठ्याकडून."