रेक्टरबाईंच्या ड्रॉवरमधलं पत्र

वसतिगृहाचा इतिहास लिहून द्या, असं परवा विद्यापीठातून कुणीतरी फोनवर सांगितलं मला. स्मरणिका काढताहेत म्हणे. "मॅडम, गोड गोड आठवणी लिहा," असंही वर. गोड! डोंबल गोड. इतिहास म्हणाल तर चार ओळींत संपतो. आधी कुणा वकिलाचा जुना बंगला होता, त्यात मुली दाटीवाटीनं राहायच्या. मग विद्यापीठानं मागे दोन मजले बांधले, टाकी बसवली, आणि कंपाउंडची भिंत उंच केली. टाकी कित्येक वर्षं लांबली होती. भिंतीचं काम मात्र कधी लांबलं नाही.

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या त्या वसतिगृहात तीन वर्षं काढली. तेव्हा टपाल थेट मुलींच्या हाती पडत नसे. प्रवेश घेताना घरून पत्र कोण लिहिणार ते फॉर्मवर भरायचं आणि सोबत त्याच्या अक्षराचा नमुना जोडायचा. अनोळखी अक्षराचं पत्र आलं आणि मागे पाठवणाऱ्याचं नाव नसलं, की ते रेक्टरबाईंच्या ड्रॉवरमध्ये जायचं. पालक भेटीला आले की त्यांच्या हवाली. रेक्टरबाई अशी पत्रं फोडत नसत. "दुसऱ्याचं पत्र वाचणं असभ्यपणाचं आहे," म्हणायच्या. दाबून ठेवणं मात्र सभ्य!

दुपारी टपाल निवडायचं काम माझ्याकडे होतं. आणि काय तो तोरा माझा! नमुने काढून बघायचीही गरज पडत नसे. अक्षरावरून कुणाचा बाप, कुणाचा भाऊ, मी झटकन सांगायचे.

माझी रूममेट उमरेडजवळच्या एका खेड्यातली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, माझ्यासारखीच. तिचे वडील पेन्सिलीनं पोस्टकार्ड लिहायचे, मोठ्ठी मोठ्ठी अक्षरं. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. घराण्यात कॉलेजात आलेली ही पहिली मुलगी. तिला शाळेत शिकवायचं होतं, विज्ञान. कंदिलाच्या काचेवर धरलेली काजळी दाखवून मला कार्बन समजावून सांगायची. "मले एक डिग्री घेऊ दे वं," म्हणायची, "मग म्हणतील त्याच्या गळ्यात माळ घालतो." हे इतक्यांदा म्हणायची की मी कंटाळायचे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिच्या नावाचं एक इनलँड पत्र आलं. मागे नाव नाही, गाव नाही. अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे, वर वेलांट्यांना ऐटदार वळणं. असं अक्षर कुण्या बापाचं नसतं, मी मनाशी ठरवूनच टाकलं. आणि खरं सांगते, मला राग आला. एका खोलीत राहतो, एका ताटात जेवतो, आणि हिनं असं काही माझ्यापासून लपवावं? मी ते रेक्टरबाईंपुढे ठेवलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "वाटलं नव्हतं हो हिच्याबद्दल. ठेव आत."

मी ठेवलं. खोलीत येऊन तिच्याशी धड बोललेही नाही.

"काहून फुगून बसली वं?" तिनं विचारलं.

"तुला माहीत," मी म्हणाले.

तिला काहीच माहीत नव्हतं.

दोन आठवड्यांनी तिचे आईवडील आले. तिचं लग्न ठरलं होतं, इतवारीतल्या भांड्यांच्या व्यापाऱ्याकडे. तिला न्यायलाच आले होते. ती आधी हसली, थट्टा वाटली तिला. मग वडिलांच्या पाया पडली, परीक्षेपुरतं थांबा म्हणाली. वडील म्हणाले, शब्द दिला आहे. तेव्हा ती आईकडे वळली. "तू काहीच नाही बोलली?" आईनं नवऱ्याकडे पाहिलं, पदर ओढला, आणि "तूच तर..." एवढं म्हणून गप्प झाली. त्या गप्प बसण्यानं ती पेटली. आईनं ट्रंकेला लावलेला हात तिनं झटकला. फाटकापर्यंत एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. रेक्टरबाईंनी सोडल्याचा दाखला दिला, "स्थळ चांगलं आहे हो," म्हणाल्या. वडील घाईत होते. ड्रॉवरची आठवण ना रेक्टरबाईंना झाली, ना मला.

परीक्षेच्या आधी रेक्टरबाईंनी मला ड्रॉवर रिकामा करायला सांगितला. उरलेली पत्रं न वाचता फाडायची. तेव्हा ते इनलँड हाती आलं. सगळी फाडली, एवढं एक फोडलं. प्रेमपत्र वाचायचं होतं मला, दुसरं काय!

ते तिच्या आईचं होतं. नवऱ्याला न सांगता ती बाई उमरेडला गेली होती आणि तहसिलीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाकडून लिहवून घेतलं होतं. त्या बिचाऱ्याला अर्जाची भाषा तेवढी येत होती. 'तुझे वडील तुझा विवाह निश्चित करीत आहेत. माझी इच्छा तू परीक्षा द्यावीस अशी आहे. परंतु माझे एकटीचे कोणी ऐकत नाही. सबब तू पौर्णिमेच्या आत घरी हजर व्हावे, म्हणजे दोघी मिळून नाही म्हणू. हजर न झाल्यास तुझी संमती आहे असे समजण्यात येईल.' खाली आईचा अंगठा.

मी ते घेऊन भर दुपारी इतवारीत गेले. खाली दुकान, वर घर. तिनं चहा टाकला, मी पत्र पुढे केलं. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवून बसली. चहा उतू गेला.

"कुठं होतं हे?"

"ड्रॉवरमध्ये."

"कोणी ठेवलं?"

"मी."

मला वाटलं, थोबाडीत मारेल. मारायला हवी होती. ती म्हणाली, "आई संक्रांतीले आली होती. खाली दुकानात बसून राहिली. मी वरून उतरली नाही. तवापासून येत नाही आता." मग माझा हात घट्ट धरला. "मले हे लोक सध्या माहेरी पाठवत नाहीत. चिठ्ठी लिहिली तर बाबाच वाचून दाखवतील तिले, मग तिचं काय होईल? तूच जा वं. तिले म्हण, पत्र भेटलंच नव्हतं. एवढंच म्हण."

"जाते," मी म्हणाले. शपथ घेऊन म्हणाले.

आधी परीक्षा होती. मग निकाल लागला, मला पहिला वर्ग मिळाला, त्या आनंदात कुठं जायचं असं तोंड घेऊन? मग नोकरी लागली. त्या बाईसमोर उभं राहून 'मी ठेवलं' म्हणायची मला भीती वाटत होती, बाकी सगळी कारणं खोटी. काही वर्षांनी कुणाकडून तरी कळलं, ती आई वारली. बोलावूनही न येता लेकीनं आपल्या मर्जीनं लग्न केलं आणि मग आपल्यालाच का टाकलं, हे तिला शेवटपर्यंत उमगलं नसणार.

उमरेड नागपूरपासून दीड तासावर आहे. मी गेले नाही.