जिन्याखालचा पहारा

एक्स-रे सेंटरमधल्या नेटवर्कवाल्याला सगळे 'खातरजमा' म्हणायचे, आणि उगाच नाही. हा गृहस्थ कुलूप लावून स्वतः ओढून बघायचा आणि मग बायकोलाही ओढायला लावायचा. एकाच इंटरनेट कंपनीवर भरवसा कसा ठेवायचा, म्हणून त्यानं दोन कंपन्यांच्या लाइनी घेतल्या होत्या. जिन्याखालच्या खोलीत लिनक्सवर चालणारा एक जुना कॉम्प्युटर राउटर म्हणून बसवला होता. तो सगळ्यांचं काम दोन्ही लाइनींवर वाटून द्यायचा. शिवाय प्रत्येक लाइनीला सारखी हाक मारायचा, 'आहेस का?' म्हणून. उत्तर आलं नाही की लाइन मेली असं धरून सगळं दुसरीवर ढकलायचा.

लेकीच्या हट्टापायी जावयाला तिथंच स्कॅन मशीनवर चिकटवावं लागलं. आणि नेमके तेव्हापासून स्कॅन अर्ध्यातच तुटायला लागले. दूरच्या शहरात बसून ते वाचणाऱ्या डॉक्टरांना अर्धंच फुप्फुस दिसायचं. तुटायचे तेही जावयाचेच. शेजारच्या टेबलावरून जाणारे हाडांचे साधे फोटो सुखरूप पोचायचे. आता सांगा, संशय कुणाला येणार नाही?

"जावईबापू, कामाच्या वेळी सिनेमे वगैरे उतरवत नाही ना?" त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नाही हो, बाबा."

इतकं साधं उत्तर? त्यानं जावयाच्या कॉम्प्युटरवर राउटरमधून पाळत ठेवली. काहीच सापडलं नाही, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली की कुठंतरी पाणी मुरतंय. तो तडक सेंटरच्या डॉक्टरबाईंकडे गेला. "माझा जावई असला म्हणून काय झालं? काढा त्याला." दुपारी जावयाचा आणखी एक स्कॅन तुटला, तशी बाईंनी त्याच्याकडून किल्ल्या मागून घेतल्या. तो निघून गेला.

संध्याकाळी लेक जिन्याखाली येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती, त्याचीच त्याला भीती वाटली.

"लग्न ठरताना यांनी तुमचा एक फोन उचलला नाही, तर तुम्ही यांच्या ऑफिसात चौकशीला माणूस धाडलात. एकच फोन, बाबा. हे अंघोळीला गेले होते."

एवढं बोलून ती गेली. त्या 'एकच'वरून त्याला काहीतरी आठवलं.

त्यानं राउटरची सेटिंग उघडली. पूर्वी लागोपाठ तीन हाका वाया गेल्या तरच लाइन मेली असं ठरायचं. जावई कामाला लागला, तेव्हा घरचा माणूस आलाय, कुणाला बोट ठेवायला जागा नको, म्हणून यानंच ते तीनाचं एक केलं होतं. जावयाचे स्कॅन जाडजूड. ते जायला लागले की लाइन भरून जायची, हाकेचं उत्तर मागं अडकायचं, आणि राउटर धडधाकट लाइन मेली समजून स्कॅन मधेच तोडायचा. कुणी काही केलंच नव्हतं. याच्याच पहाऱ्यानं घात केला होता.

त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं एकाचं पुन्हा तीन केलं आणि दुपारचा तुटलेला स्कॅन पाठवला. या वेळी तो सबंध गेला. मग वर जाऊन त्यानं बाईंना चूक सांगितली आणि जिन्यातूनच जावयाला फोन लावला.

घंटा वाजून बंद झाली. मुद्दाम उचलत नाही, हे मनात आलंच. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा तेच. तरी त्यानं तिसऱ्यांदा लावला.

"बोला, बाबा," जावई म्हणाला. "दुपारचा तो स्कॅन गेला का? त्या पेशंटला उद्या ऑपरेशनला घ्यायचंय."