ताटातली प्लीहा

संस्थानं विलीन झाली आणि त्यांचे अधिकारी सरकारी खात्यांत वाटले गेले. आमच्या वाट्याला जो साहेब आला, त्याने जन्मभर एका राजाची घोडी सांभाळली होती. मी तेव्हा बऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यातल्या दोन खोल्यांत, गुरांच्या डॉक्टरकीच्या मुलांना जंतू आणि साथीचे रोग शिकवत होतो. साहेब आमचा वरिष्ठ, आणि परीक्षकही तोच.

त्या राजाच्या दरबारात एक रीत होती. तबेल्यातलं जनावर अचानक मेलं, की त्याचं पोट फाडून प्लीहा, साहेबाच्या भाषेत तिल्ली, ताटात घालायची आणि हुजुरांपुढे न्यायची. ती सुजलेली दिसली तर रोग, नाहीतर घोडी राखणाऱ्या मोतद्दारावर विष घातल्याचा आळ. राजा गेला, पण साहेबाचं ताट काही सुटलं नाही. मुलांची परीक्षाही तो त्याच ताटावर घ्यायचा.

मी मात्र पहिल्या दिवसापासून मुलांच्या कानीकपाळी ओरडत होतो. धडधाकट जनावर एकाएकी मेलं आणि नाकातून काळं, न गोठणारं रक्त आलं, तर तो फाशी रोग समजा. सुरी लावू नका. कानाला टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्या, आधी तो तपासा. मढं फाडलंत तर जंतूंना हवा लागते, त्यांचे बीजाणू होतात आणि ते त्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. हाताला साधा ओरखडा असला तरी माणूस दगावतो. साहेबालाही हे मी सांगून पाहिलं होतं. गाढवापुढे वाचली गीता!

परीक्षेच्याच दिवशी जवळच्या निंबोला गावात एक बैल असा मेला. साहेब खूश होऊन सगळा वर्ग तिथे घेऊन गेला. त्याने पुढे बोलावलं ते तापीकाठच्या एका शेतकऱ्याच्या मुलाला. पास झाला तर त्याला नोकरी होती, नाहीतर पुन्हा बापाची केळी. त्याच्या बोटावर विळ्याचा ताजा काप मला लांबूनही दिसत होता. बैलाच्या नाकाशी काळं रक्त होतं.

"तिल्ली निकालो," साहेब म्हणाला.

मुलाने सुरी उचलली आणि माझ्याकडे पाहिलं.

"खाली ठेव ती," मी म्हणालो.

"इम्तहान मैं ले रहा हूँ या आप?"

"परीक्षा तुमची असेल, साहेब. बोट त्याचं आहे." मी मुलाच्या हातून सुरी काढून घेतली.

बैलाच्या कानातून थेंब मीच काचेवर घेतला, रंगवला. भिंगाखाली निळ्या काड्या, भोवती गुलाबी वेष्टन: फाशीचेच जंतू. साहेबाने डोळा लावला न लावला आणि म्हणाला, "कीड़े तो हर लाश में होते हैं." बैल मी चुना घालून खोल पुरून घेतला. साहेबाने मुलाला नापास केलं. मी वर तक्रार केली, तिचं काही झालं नाही. त्या माणसाचा मला आजही संताप येतो.

मुलगा तापीच्या राजघाटावर दिसायचा आणि मान फिरवून जायचा. एकदा मीच त्याला अडवलं.

"तुमचं खरं ठरलं, सर," तो म्हणाला. "पन घरी मले बसा लागलं."

दुसऱ्या वर्षी तो पुन्हा परीक्षेला बसला. साहेबाने तोंडी विचारलं, "जानवर अचानक मर जाए, तो पहले क्या करोगे?"

मी शेजारच्याच खुर्चीवर होतो. माझ्याकडे सरळ बघत तो म्हणाला, "पेट चीरूँगा, साहब."

तो पास झाला. मी तावातावाने त्याच्या मागे बाहेर गेलो. "हे शिकवलं होतं मी तुला? उद्या गावात असं जनावर मेलं, तर काय करशील?"

"तवा समोर कोन उभा आहे ते पाहीन, सर," तो म्हणाला.